नवी एक्स वन खरोखरच निर्जीव झाली आहे का? साखळी, पणजी आणि चोर्ला घाट या वापरासाठी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी थोडक्यात असा समजलो. आपल्याकडे २०१७ची, दुसऱ्या पिढीची बीएमडब्ल्यू एक्स वन डिझेल आहे. गोव्यातल्या साखळीहून पणजीला पाट्टोपर्यंत रोजचे जाणे-येणे, महिन्यातून दोनदा चोर्ल्याने बेळगाव, घरात गुडघे दुखणाऱ्या आई आणि रविवारी पहाटे केवळ आवड म्हणून घाटात एक फेरी. गाडीची हौस असलेले आपले मित्र एकमुखाने सांगतात की नव्या पिढीच्या एक्स वनमध्ये ‘जीव राहिलेला नाही’: ताकद कमी झाली, पेट्रोलला तीनच सिलिंडर, पडद्यावरचे पर्याय निवडायचा मधला गोल नॉब काढून टाकला, समोरची जाळी अवाढव्य केली. हे मत कितपत धरावे आणि गाडी बदलावी की नाही, असे आपण विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी गाड्या दुरुस्त करतो. त्यातील पहिली काही वर्षे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेली आणि नंतरची फोंड्याजवळ स्वतःच्या वर्कशॉपमध्ये. गाडी विकण्याशी माझा काही संबंध नाही. त्यामुळे मला जे दिसते ते सांगतो आणि जिथे उत्तर आपल्या वापरावर अवलंबून आहे, तिथे तसे स्पष्ट म्हणतो.

आपल्या मित्रांची तक्रार खोटी नाही, आकडेच ती सांगतात. दुसऱ्या पिढीत आपल्याकडे मिळणारे २ लिटरचे डिझेल इंजिन १९० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देत होते आणि त्याला ८ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. जानेवारी २०२३मध्ये भारतात आलेल्या तिसऱ्या पिढीत डिझेल १५० अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटरवर आले, गिअरबॉक्स ७ गिअरचा ड्युअल क्लच झाला. पेट्रोलमध्ये घसरण मोठी आहे. १९२ अश्वशक्तीच्या २ लिटर इंजिनाच्या जागी १३६ अश्वशक्तीचे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आले आणि टॉर्क २८० वरून २३० वर उतरला. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला आधीच्या डिझेलला ७.९ सेकंद लागत, नव्या डिझेलला ८.९ लागतात. गाडी नवी आणि महाग व्हावी आणि अंगातली ताकद मात्र कमी व्हावी, हे हौशी माणसाला खटकणारच. मलाही खटकले.

तरीही या गाडीवर असे आक्षेप पहिल्यांदा आलेले नाहीत, आणि त्यांचा मागचा इतिहास ठाऊक असला तर आजची नाराजी समजायला सोपी जाते. २००९मध्ये आलेली पहिली एक्स वन थ्री सिरीजच्या बांधणीवर उभी होती. तिचे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले होते आणि जोर मागच्या चाकांना जात होता. २०१५मध्ये दुसरी पिढी आली तेव्हा इंजिन आडवे झाले, बांधणी बीएमडब्ल्यूच्याच ‘मिनी’ या ब्रँडच्या गाड्यांच्या कुटुंबातली झाली आणि जोर पुढच्या चाकांना मिळू लागला. ‘एसड्राइव्ह’ हे नाव दोन्ही गाड्यांवर तेच होते. पहिल्या पिढीत त्याचा अर्थ मागची चाके होता, दुसऱ्या पिढीत तो पुढची चाके झाला. त्या वेळी हौशी मंडळींनी याच शब्दांत हळहळ व्यक्त केली होती की आता ही खरी बीएमडब्ल्यू राहिली नाही. आज ज्या गाडीचा दाखला देऊन आपले मित्र नव्या गाडीला नावे ठेवतात, ती नेमकी हीच दुसऱ्या पिढीची, म्हणजे आपल्या दारात उभी असलेली गाडी आहे. म्हणून मित्रांचे मत ऐकताना ते कोणत्या गाडीशी तुलना करत आहेत, हे आधी विचारून घ्यावे. पहिली एक्स वन चालवलेला माणूस स्टिअरिंगच्या हाताला लागणाऱ्या जाणिवेबद्दल बोलत असतो, दुसरी चालवलेला ताकदीबद्दल. ज्याने दोन्ही चालवलेल्या नाहीत, तो बहुधा समोरच्या जाळीबद्दल बोलतो.

माझ्या मते आपला खरा प्रश्न असा आहे की नव्या गाडीतून जे गेले, ते आपण आजवर वापरत होता का. याचे उत्तर आपल्याच रस्त्यावर मिळेल, म्हणून तिथेच जाऊ.

साखळीहून केरी ओलांडून चोर्ल्याचा चढ सुरू झाला की वळणावळणाला वेग वीस-पंचवीसवर येतो आणि तिथून गाडी पुन्हा उचलावी लागते. ही उचल इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर होते, मिनिटाला साधारण दीड ते अडीच हजारांच्या दरम्यान. तिथे अश्वशक्तीपेक्षा टॉर्कचे काम जास्त असते, कारण अश्वशक्तीचा मोठा आकडा फेऱ्या वाढल्यावरच हाती लागतो. आता दोन डिझेल शेजारी ठेवून पाहा. अश्वशक्तीतील घट एकवीस टक्के आहे, पण टॉर्कमधील घट दहाच टक्के, आणि नव्या डिझेलचा पूर्ण टॉर्क दीड हजार फेऱ्यांवरच उपलब्ध होतो. याचा अर्थ, वळणातून बाहेर पडताना आपल्याला जेवढे नुकसान जाणवेल असे वाटते, तेवढे जाणवणार नाही. ते जाणवेल ते घाटमाथ्यावरच्या मोकळ्या पट्ट्यात, ट्रकला मागे टाकताना, जेव्हा आपण ऐंशीवरून एकशे दहावर जाऊ पाहता. तिथे जुनी गाडी ज्या सहजतेने झेपावत होती, तशी नवी झेपावत नाही. ओव्हरटेक करण्यासाठी रस्ता जास्त मोकळा हवा, एवढा हिशेब मनात ठेवून चालवावे लागते.

पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. तीन सिलिंडर म्हणजे कमअस्सल इंजिन, हा समज मी मानत नाही. याच कुळातले दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन बीएमडब्ल्यूने आपल्या आय-एट या स्पोर्ट्स गाडीत बसवले होते. मात्र चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दर अर्ध्या फेरीला, म्हणजे १८० अंशांना, एक स्फोट होतो आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात तो २४० अंशांना होतो. दोन ठोक्यांमधले अंतर वाढले की मंद फेऱ्यांवर इंजिनाचा धक्का अंगाला लागतो. शिवाय तीन सिलिंडरचे इंजिन आपल्या लांबीच्या दिशेने डुलू पाहते. ते रोखण्यासाठी आत बॅलन्स शाफ्ट बसवलेला असतो आणि तो आपले काम चोख करतो, पण सगळेच लपत नाही. सिग्नलवर एसी चालू असताना स्टिअरिंगला हात लावून बसलात तर आपल्याला ते कळेल. एकटे पणजीत फिरणाऱ्याला हे इंजिन पुरेसे आहे. चार माणसे आणि डिकीभर सामान घेऊन महिन्यातून दोनदा चोर्ला चढणाऱ्याने मात्र ते घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. आपला विचार डिझेलचाच असेल, तर तीन सिलिंडरचा वाद आपल्याला लागूच होत नाही.

नॉबच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे आपल्या मित्रांच्या बाजूचा आहे. २००१च्या सेव्हन सिरीजपासून बीएमडब्ल्यूने सीटांच्या मध्ये तो गोल फिरवायचा नॉब दिला, सुरुवातीला लोकांनी त्यालाही नावे ठेवली, आणि पुढे तोच या गाड्यांचा सर्वांत सोयीचा भाग ठरला, कारण हात खाली टेकलेला असतो आणि नजर रस्त्यावर राहते. नव्या एक्स वनमध्ये तो नाही. एसीचे तापमान, पंख्याचा वेग, हे सगळे १०.७ इंचांच्या पडद्यावर बोटाने करायचे. शोरूमच्या थंड खोलीत हे छान दिसते. आपण जुलैमधली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा: पाऊस कोसळतो आहे, समोरची काच आतून धुरकट होऊ लागली आहे, छत्री मिटताना बोटे ओली झालेली आहेत, समोरून बसचे दिवे डोळ्यांवर येत आहेत आणि आपल्याला पंखा दोन घरे वाढवायचा आहे. एकदा मी एका ग्राहकाच्या अशाच पडद्याच्या गाडीत, वेगळ्या कंपनीच्या, शेजारच्या सीटवर बसून धारगळच्या बाजूने म्हापशाला येत होतो. एवढ्या साध्या कामासाठी त्याची नजर दोनदा रस्त्यावरून उतरली आणि दुसऱ्या वेळी गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली होती. तो चांगला चालवणारा माणूस आहे. आवाजाने सूचना देण्याची सोय नव्या एक्स वनमध्ये आहे, पण टपावर पावसाचा मारा चालू असताना तिच्यावर विसंबून राहू नये. ज्या तक्रारीचा संबंध सुरक्षिततेशी येतो, ती हौशी माणसाची हौस म्हणून सोडून देता येत नाही. गाडी घेतलीच तर तापमान आपोआप राखण्याच्या ऑटो व्यवस्थेवर ठेवावी आणि निघण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, सगळे लावून घ्यावे.

समोरच्या जाळीबद्दल आणि दिव्यांच्या आकाराबद्दल मी काही म्हणणार नाही. ती आपल्या डोळ्यांची गोष्ट आहे आणि वर्षभरात डोळे सरावतात.

आता ज्यावर मित्रमंडळींपैकी कोणी बोललेले दिसत नाही, पण माझ्या दृष्टीने जे जास्त महत्त्वाचे आहे, ते सांगतो. आपल्या सध्याच्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स गर्दीत फार सोशीक असतो, कारण त्यात इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेलाची जोडणी असते आणि इंचाइंचाने सरकताना तेलच घसरते. ड्युअल क्लचमध्ये सरकताना क्लचच्या चकत्या घासतात. या गाडीतला क्लच तेलात बुडालेला, म्हणजे ओल्या प्रकारचा आहे, त्यामुळे कोरड्या क्लचइतका तो लवकर तापत नाही. तरीही उष्णता तर निर्माण होतेच आणि ती शेवटी तेलावरच येते. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे जशा रांगा लागल्या, तशा रांगेत समोरची गाडी एक हात सरकली की आपणही एक हात सरकावे, ही सवय या गिअरबॉक्सला घातक आहे. दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदाच पुढे जावे आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा, म्हणजे क्लच सुटा होतो. चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरू नये. एवढे पाळले आणि गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ आहे या सांगण्यावर न राहता साठ-सत्तर हजार किलोमीटरला बदलले, तर मला या गिअरबॉक्सची भीती वाटत नाही.

दुसरी बाब पुढच्या चाकांच्या जोराची. भारतात नवी एक्स वन फक्त पुढच्या चाकांवर चालणारी मिळते. चारही चाकांना जोर देणारी एक्सड्राइव्ह दुसऱ्या पिढीत सुरुवातीला मिळत असे. सपाट ओल्या रस्त्यावर पुढची चाके उत्तम पकड देतात. पण चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि नेमका जोर त्यांनाच लावायचा असतो. गोव्यातल्या कितीतरी घरांना रस्त्यावरून अंगणात यायला जांभ्या दगडाची चढण असते आणि श्रावण येईपर्यंत तिच्यावर हिरवे शेवाळ धरते. माझ्या एका ग्राहकाच्या घरी, डिचोलीच्या बाजूला, असाच प्रसंग पाहिला. नवी गाडी चढणीच्या मध्यावर थांबली, पुढची चाके जागीच फिरली आणि गाडी हळूहळू बाजूच्या गडग्याकडे सरकली. टायर नवे होते, चूक गाडीची नव्हती. चढणीवर आडव्या रेषा खोदून घेतल्या आणि शेवाळ घासून काढले, तेव्हा प्रश्न मिटला. आपल्या घराची चढण कशी आहे ते मला माहीत नाही, पण सध्याच्या गाडीने पावसाळ्यात तिथे कधी चाके फिरवली असतील, तर नवी गाडीही फिरवेल.

नव्या गाडीच्या बाजूचे मुद्देही तितकेच खरे आहेत. ती आपल्या गाडीपेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर लांब आणि काही सेंटिमीटर उंच आहे, चाकांमधले अंतर २६७० वरून २६९२ मिलिमीटर झाले आहे. उंची वाढल्यामुळे बसण्याची जागा वर आली आहे. आपल्या आईंच्या दृष्टीने हाच मुद्दा सर्वांत मोठा ठरू शकतो, कारण दुखऱ्या गुडघ्यांना खाली वाकून बसणे जड जाते आणि खोल जागेतून उठणे त्याहून जड. आतला आवाज कमी आहे, आतली जागा ऐसपैस वाटते आणि युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या २०२२च्या चाचणीत या पिढीला पाच तारे मिळालेले आहेत. रुंदी २४ मिलिमीटरने वाढली आहे. ऐकायला हे काहीच नाही, पण आपल्याकडच्या वाड्यांतल्या वाटा जुन्याच आहेत. त्यासाठी मळा-फोंतेन्हासच्या गल्लीतून एकदा नेऊन पाहा, म्हणजे आरशांचा अंदाज येईल.

विजेवर चालणाऱ्या आयएक्स वनचे नाव आपण शेवटी ओझरते घेतले आहे. जानेवारी २०२५मध्ये ती ४९ लाखांना आली, तिची बॅटरी ६६.४ किलोवॉट-तासांची आहे आणि चाकांमधले अंतर तब्बल २८०० मिलिमीटर. मागे बसणाऱ्याला ती राजेशाही आहे आणि २०४ अश्वशक्तीमुळे ताकदीची तक्रारही उरत नाही. साखळी-पणजी या रोजच्या फेरीला घरी चार्जिंग असेल तर ती डिझेलपेक्षा जास्त शोभते. चाकांमध्ये एवढे लांब अंतर असलेल्या गाडीचे पोट मात्र उंच स्पीड ब्रेकरवर मधोमध टेकण्याची शक्यता वाढते, तेव्हा आपल्या गावच्या वाटेवरचा सर्वांत उंच स्पीड ब्रेकर तिच्याकडून ओलांडून घेतल्याशिवाय निर्णय करू नका.

आता आपल्या जुन्या गाडीविषयी, कारण न बदलणे हाही एक निर्णय आहे आणि त्याचाही खर्च असतो. आठ वर्षांच्या आसपासच्या गाडीत इंजिनापेक्षा रबर आधी थकते. इंजिन माउंट, सस्पेन्शनचे बुश, शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठका, दारांची रबरे. घाटात गाडी ‘पूर्वीसारखी’ वाटत नाही असे मालक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष या रबरांचा असतो आणि ती बदलल्यावर गाडी पुन्हा हाताला लागते. छताला काच असेल तर तिच्या चारही कोपऱ्यांतल्या पाण्याच्या नळ्या पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्या. फणसाखाली उभी राहणारी, दुसऱ्याच एका कंपनीची गाडी माझ्याकडे आली होती, तिच्या चालकाच्या बाजूचा गालिचा मी उचलला तर खालचा फोम पाण्याने जड झाला होता, कुजक्या पानांचा वास येत होता आणि वायरच्या जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवा थर चढला होता. मालक तीन महिने वेगवेगळ्या सेन्सरवर पैसे खर्च करत होता. नळीत अडकलेला पानांचा गोळा बोटभर होता. आपली गाडी समुद्रापासून आत साखळीला असते, त्यामुळे कळंगुट-कोलव्याच्या गाड्यांना होतो तसा मिठाचा त्रास ब्रेक कॅलिपरच्या पिनांना आणि अर्थिंगच्या पट्ट्यांना तुलनेने कमी असेल. तरी त्या पाहून घ्याव्यात.

आपण जे लिहिले आहे त्यावरून माझे मत असे आहे. आपण रविवारी पहाटे घाटात केवळ आवडीसाठी जाता, म्हणजे जे गेले ते आपण खरोखर वापरणाऱ्या थोड्या लोकांपैकी आहात. आपल्याला नवी गाडी घेऊन समाधान मिळेल ते सोयीचे, चालवण्याचे समाधान थोडे कमी होईल. आई आठवड्यातून अनेकदा गाडीत बसत असतील आणि त्यांना चढ-उतार करताना त्रास होत असेल, तर मी निःशंकपणे नवी डिझेल घ्या म्हणेन, कारण हा त्रास रोजचा आहे आणि घाटातली फेरी आठवड्याची. त्या क्वचितच बसत असतील, तर जुन्या गाडीची रबरे, गिअरबॉक्सचे तेल आणि टायर यांवर खर्च करून ती आणखी तीन-चार वर्षे आनंदाने चालवावी. वापरलेली पेट्रोल गाडी घेण्याचा विचार मनात असेल, तर २०२३च्या आधीची गाडी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमवाले आपल्याला बहुधा नव्या जुवारी पुलावर नेतील. तिथे कोणतीही गाडी चांगलीच चालते. त्यांना आल्तिनोची चढण मागा, चढणीच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा उचला. चालत्या गाडीत तापमान दोन अंशांनी बदलून पाहा आणि नजर किती वेळ रस्त्यावरून उतरते ते शेजारच्याला मोजायला सांगा. डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे की नाही ते स्वतः पाहा, कारण रात्री नऊनंतर घाटात टायर फाटला तर पंप आणि द्रावणाच्या बाटलीने काही होत नाही. आणि आईंना बरोबर घेऊन जा. त्यांना आधी आपल्या जुन्या गाडीतून उतरू द्या, मग नव्या गाडीच्या मागच्या दारातून आपल्या आपण बसू द्या, कोणी हात न देता. त्या वेळी त्यांचा हात कुठे आधार शोधतो, तेवढे फक्त पाहा.